चार फुटाची चावी

ग्रामपंचायत होती तवा मी नुसता पानी सोडे.
नगरपंचायत झाली अन् हजेरीबुकात
माह्या नावासमोर आलं : व्हॉल्वमन.
पगार तोच. चावीबी तीच,
चार फुटाची, खाली चौकोनी तोंड,
वर आडवी दांडी, दांडीले सुतळी गुंडाळली,
हिवाळ्यात लोखंड चटकते म्हनून.

टाकी एक, वॉर्ड सतरा.
सात झन निवडून आले एका रंगाच्या दुपट्ट्याचे,
सहा दुसऱ्या रंगाचे,
तीन शहर विकास आघाडीचे
(शहर मी लय धुंडलं,
बसस्टँडच्या मांगं तुरीचे वावरं लागते)
अन् चार नंबरातून दुर्गाबाई कुमरे,
अपक्ष, निशानी शिलाई मशीन.

पह्यले सात अन् तीन एका बाकावर बसले.
अध्यक्ष आठ नंबरचे निंघाले,
पानी आठ नंबरापासून सुरू झालं.
वरसाभरात तिघायचं फाटलं.
तीनाचे दोन भाग बराबर होत नाही,
एक इकडं राह्यला, दोन तिकडं गेले.
आठ इकडं. आठ तिकडं.
मंग समद्यायले आठवन आली शिलाई मशीनची.

चार नंबर म्हंजे टेकडी.
पाइप दोन इंची, चढ उभा,
टाकी अर्धी झाली का वर नुसती हवा चढते,
नळ घोड्यावानी फुरफुरते.

बुधवारी राती चुंगी नाक्यापाशी ट्रॅव्हलर लागली.
आठ नगरसेवक अन् दुर्गाबाई.
फोन एका पिशवीत जमा केले.
म्हने, पेंचले जाऊन राह्यलो, वाघ पाहाले.
दुसरे आठ मांगून निंघाले,
ते कुठी गेले ते त्यायच्या घरच्यायलेबी मालूम नाही.
जिल्ह्यात गट नोंदला, व्हिप निंघाला,
कुलूप लावलेल्या दारायवर चिकटवला.
व्हिप म्हंजे चाबूक, भोयर बाबूनं सांगतलं.
कोनाले मारते, ते त्यालेबी सांगता आलं नाही.

अकरा दिवस माहा फोन वाजला नाही.
'आठ पह्यले सोड', 'दहाचा बंद कर, आमच्या घरी पाहुने आहे',
काहीच नाही.
पह्यल्या राती मी चेंबरपाशी बसून राह्यलो
चावी मांडीवर घेऊन,
मास्तर न आलेल्या शाळेतल्या पोरावानी.
मंग टाकी भरल्या भरल्या
चार नंबर खोलला.
नऊ आटे. गंज एवढा का खांदा उतरला.
जरा वेळानं टेकडीवरून आवाज आला,
रिकाम्या ड्रमात पह्यली धार पडते तो,
मंग दुसऱ्या ड्रमातून, मंग तिसऱ्या.
त्याच्या खालचा वॉर्ड, त्याच्या खालचा,
उतारानं पानी आपनच गेलं.
सकाळी सातले बादल्या भरल्या होत्या,
आठ नंबरातबी.

तिसऱ्या दिवशी टेकडीवरची सखुबाई मडावी खाली आली.
'कोन आलं बाप्पा निवडून?'
कोनीच नाही आलं अजून, मी म्हनलं.
ती विचारात पडली.
'मंग त्याइले म्हना, सवडीनं या.'

बाराव्या दिवशी गुलाल. नऊ विरुद्ध आठ.
अध्यक्ष तेरा नंबरचे.
डीजे बसस्टँडपर्यंत गेला, तुरीपाशी वळला.
दुर्गाबाई पानीपुरवठा सभापती.
मी इचारलं, वाघ दिसला का बाई?
'असन बी. खिडक्यायले पडदे होते.'

पह्यल्याच सभेत त्यायनं मांडलं,
चार नंबराले वेगळी पाइपलाइन.
ठराव क्रमांक बावीस, एकमतानं.
ठरावाचं रजिस्टर भोयर बाबूच्या कपाटात,
कपाटाची किल्ली इंजिनिअरजवळ,
इंजिनिअर दोन तालुक्यायले एक.

संध्याकाळी फोन वाजला. तेरा पह्यले.
हो साहेब, म्हनलं.

पन तेरा नंबर साडेचारच्या आंधी उठत नाही,
हे मले वीस वरसापासून मालूम आहे.
टाकी तीनले भरते.
अन् चार नंबराचा व्हॉल्व आता
एका हातानं फिरते. ग्रीस माह्या पैशाचं.